मेपलचा पाक : बाटली घेण्याआधी आणि भट्टीत घालण्याआधी

बेकरीचा धंदा करणाऱ्या आमच्या एका मित्राकडे गेल्या वर्षी एक मोठी ऑर्डर आली. गिऱ्हाईक कॅनडात राहून आलेले होते. त्यांना घरच्या दावतीसाठी मेपल सिरपचा केक हवा होता, आणि तोही चांगला पाच किलोचा. मित्राने शहरातल्या एका मोठ्या दुकानातून मेपलचे पान छापलेल्या तपकिरी पाकाच्या बाटल्या आणल्या. नेहमीच्या केकमध्ये जितकी साखर, तितक्याच वजनाचा पाक त्याने घातला. केक वरून काळपट झाला, मधोमध बसला आणि आतून ओलसर राहिला. गिऱ्हाइकाने एक घास घेतला आणि शांतपणे म्हटले, "भाई, हे मेपल नव्हेच."

आम्ही रिकामी बाटली उलटून पाहिली. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते : मक्याचा सिरप, पाणी, रंग, कृत्रिम स्वाद. मेपलचा थेंबही त्यात नव्हता. ऑर्डरचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या घरची पुढची ऑर्डरही गेली. मित्राच्या दोन चुका झाल्या होत्या. एक खरेदीत आणि दुसरी मिश्रणात. आज आपल्या शहरांतूनही परदेशी चवीची मागणी वाढते आहे. तेव्हा या दोन्ही चुका आपल्या कारागीर बांधवांकडून होऊ नयेत म्हणून हा माल म्हणजे नेमका काय आहे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

झाडाचा रस, गुऱ्हाळाची रीत

कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ पासून जे लाल पान दिसते, ते मेपलच्या झाडाचे. या झाडाच्या काही जातींचा, विशेषतः शुगर मेपलचा रस गोड असतो. कॅनडाचा क्युबेक प्रांत आणि अमेरिकेचे व्हरमाँट राज्य हे या धंद्याचे मुख्य मुलूख. गोरे लोक तेथे पोहोचण्याआधीपासून तेथील आदिवासी हा रस आटवून साखर करीत आले होते.

हिवाळा सरता सरता, साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये, रात्री बर्फ पडण्याइतकी थंडी आणि दिवसा थोडी ऊब अशी हवा येते. त्या चार-सहा आठवड्यांतच रस वाहतो. झाड सुमारे चाळीस वर्षांचे झाले म्हणजे त्याच्या खोडाला बोटभर खोल भोक पाडतात, त्यात तोटी बसवतात आणि खाली बादली टांगतात. मोठे उत्पादक आता प्लास्टिकच्या नळ्यांचे जाळे घालून रस थेट कारखान्यात ओढून आणतात. कळ्या फुटू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

ज्यांनी कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना पुढचे काम लगेच समजेल. तेथेही मोठी उथळ काहील असते, खाली जाळ असतो, रस उकळतो, फेस येतो, मळी काढावी लागते आणि पाक कधी झाला हे जाणणारा अनुभवी माणूस लागतो. फरक एवढाच की उसाच्या रसात शेकडा सोळा ते वीस गोडी असते, तर मेपलच्या रसात अवघी दोन. त्यामुळे आटवावे लागते फार. तेथील शेतकऱ्यांचा एक सोपा हिशेब आहे. रसात शेकडा जितकी गोडी, तितक्याने ८६ ला भागावे. गोडी दोन असेल तर ४३ लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. साध्या बादलीच्या पद्धतीत एका भोकातून साऱ्या हंगामात मिळणारा रस आटवला तर हाती जेमतेम लिटरभर पाक लागतो. हा माल महाग का, याचे पहिले उत्तर यातच आहे.

पाक तयार झाला हे तापमानावरून ठरवतात. साधे पाणी ज्या अंशावर उकळते, त्याहून सुमारे चार अंश सेल्सिअस वर गेले की पाक झाला. म्हणजे समुद्रकाठी सुमारे १०४ अंश. त्या वेळी त्यात शेकडा ६६ ते ६७ भाग साखर आणि बाकीचे बहुतेक पाणी असते. एक लिटर पाकाचे वजन सुमारे एक किलो ३२० ग्रॅम भरते. हे आकडे कारागिरांनी लक्षात ठेवावेत. पुढचा सारा हिशेब यांवरच उभा आहे.

भाव पडत का नाही

दुसरे उत्तर व्यापाराच्या रचनेत आहे. जगातल्या मेपल सिरपपैकी शेकडा सत्तरहून अधिक माल एकट्या क्युबेकमध्ये निघतो. तेथील उत्पादकांची संघटना आहे. ठोक माल तिच्यामार्फतच विकावा लागतो आणि २००४ पासून कोणी किती माल काढायचा याचे कोटे ठरलेले आहेत. चांगल्या हंगामातला जादा माल पिंपांत भरून राखीव साठ्यात जातो. हा साठा २००० सालापासून ठेवला जातो. २०२१ चा हंगाम वाईट गेला, तेव्हा संघटनेने साठ्यातून सुमारे ५ कोटी पौंड पाक बाजारात सोडला. त्यामुळे हंगाम बुडाला तरी दुकाने रिकामी पडली नाहीत, आणि हंगाम भरघोस आला तरी भाव कोसळत नाहीत.

हा माल किती मोलाचा, हे एका चोरीवरून कळते. २०११-१२ मध्ये याच राखीव साठ्याच्या गोदामातून सुमारे तीन हजार टन पाक चोरीला गेला. त्याची किंमत १ कोटी ८० लाख कॅनडियन डॉलरहून जास्त होती. चोर पाक काढून घेत आणि पिंपांत पाणी भरून ठेवीत. साठ्याची तपासणी झाली तेव्हा बिंग फुटले, आणि पुढे आरोपींना शिक्षाही झाल्या.

असली कोणते, नकली कोणते

जेथे माल महाग, तेथे नकल आलीच. बाजारात 'पॅनकेक सिरप', 'मेपल फ्लेवर्ड सिरप', 'ब्रेकफास्ट सिरप' अशा नावांनी जो पाक मिळतो, तो बहुधा मक्याचा किंवा साखरेचा पाक असतो. त्यात रंग आणि वास मिसळलेला असतो. तो विकणे गुन्हा नाही, कारण बाटलीवर तसे लिहिलेले असते. वाचायचे काम आपले.

वासाची गंमत अशी की मेपलची आठवण करून देणारा वास आपल्या मेथीत आहे. सोटोलोन नावाचे एक द्रव्य मेथीदाण्यात असते, आणि नकली मेपल स्वादासाठी मेथीचा अर्क वापरला जातो. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून मधूनमधून सगळीकडे मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरून जायचे. २००९ मध्ये शहराच्या अधिकाऱ्यांनी त्याचा उगम शोधून काढला. शेजारच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया चालत होती! तेव्हा केवळ वासावरून असली-नकली ठरवू नये.

घरगुती परीक्षाही खात्रीच्या नाहीत. मक्याचा दाट पाकही वजनाला भारी भरतो. म्हणून खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) मालाच्या यादीत एकच शब्द हवा : मेपल सिरप. दुसरे काहीही लिहिलेले असले तर तो शुद्ध माल नव्हे.

२) कोणत्या देशात तयार झाला हे लिहिलेले असावे.

३) आयात केलेल्या बाटलीवर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असावा. तो नसेल तर माल स्वस्त असला तरी घेऊ नये. उद्या तपासणी झाली तर दुकानदाराने हात वर केले, तरी तुमचे हात अडकलेले असतील.

४) प्रत पाहावी. सध्या कॅनडा आणि अमेरिकेत मेपल सिरपच्या चार प्रती ठरलेल्या आहेत : सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद. चारही शुद्धच. हंगामाच्या सुरुवातीचा माल बहुधा फिका आणि नाजूक चवीचा, शेवटाकडचा काळपट आणि जोरकस. फिका म्हणजे उत्तम आणि काळा म्हणजे हलका, असे समजू नये. उलट भट्टीत जाणाऱ्या मालासाठी गडद प्रतच कामाची, कारण मैदा, अंडे आणि लोण्याच्या गर्दीत सोनेरी प्रतीची चव हरवून जाते. सोनेरी आणि अंबर वरून ओतण्यासाठी ठेवावेत.

फेस कशाने बसवतात?

एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. झाडाचा रस, त्यात हराम ते काय असणार? रसात काहीच नाही. पण उकळताना त्याला फार फेस येतो, आणि तो बसवण्यासाठी किंचित चरबी लागते. आपल्या गुऱ्हाळात त्यासाठी काहिलीत थोडे तेल सोडतात. तिकडे पूर्वी काही शेतकरी काहिलीवर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगून ठेवीत. फेस वर आला की तुकड्याला लागे आणि खाली बसे. कोणी लोणी किंवा दुधाची सायही वापरत. आज बहुतेक कारखाने वनस्पती तेलाचे थेंब किंवा तयार फेसनाशक वापरतात, आणि त्याची नोंद बाटलीवर नसते.

म्हणून ज्यांच्या बेकरीवर हलालची पाटी आहे, त्यांनी हलाल प्रमाणपत्र असलेला माल मागावा किंवा आयातदाराकडून फेसनाशकाबद्दल लेखी विचारून घ्यावे. मेपलचा इसेन्स वापरणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण अनेक इसेन्स दारूच्या अर्कात तयार केलेले असतात. फतवा देणे आमचे काम नाही. तो प्रश्न उलेमांना विचारावा. पण त्यांना विचारण्याआधी माल कसा तयार झाला, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

मिश्रणातली चूक

आता आमच्या मित्राच्या दुसऱ्या चुकीकडे वळू. साखर हा कोरडा माल आहे आणि मेपल सिरप हा पाक आहे. त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा पाणी असते. त्याने दुधाचे माप कमी केले नाही, म्हणून केक ओला राहून बसला. या पाकाची साखर कोरड्या साखरेपेक्षा लवकर रंग धरते, पण त्याने भट्टी नेहमीइतकीच तापवली. म्हणून वरून काळा आणि आतून कच्चा.

रीत अशी ठेवावी. दर १०० ग्रॅम साखरेऐवजी सुमारे १२० ग्रॅम पाक घ्यावा. त्यात ८० ग्रॅम गोडी आणि ४० ग्रॅम पाणी येते. तेव्हा दूध किंवा पाणी २५ ते ४० मिलिलिटरने कमी करावे. भट्टीचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसने उतरवावे आणि वेळ थोडा वाढवावा. मध घालताना आंबटपणा मारण्यासाठी काही कारागीर चिमूटभर सोडा वाढवतात. मेपलचा पाक मधाइतका आंबट नसतो. तेथे उगाच सोडा वाढवला तर साबणासारखी चव येते.

लोणी आणि साखर फेटून जो केक फुलवतात, त्यात आणखी एक अडचण आहे. साखरेचे दाणे लोण्यात घासले जातात तेव्हा हवा भरते. पाकाला दाणे नाहीत, म्हणून हवा भरत नाही. अशा केकमध्ये निम्मी साखर ठेवून निम्मीच्या जागी पाक घालावा. तेलाचे केक, मफिन आणि ओट्सच्या वड्या यांत मात्र सगळी साखर काढून पाक घातला तरी चालते.

नानकटाईत पाक घालू नये. नानकटाईत पाणी नसते, म्हणूनच ती तोंडात विरघळते. पाकातले पाणी मैद्याला लागले की चिवटपणा येतो. तेथे मेपलची साखर वापरावी. ती साध्या साखरेच्या जागी वजनास वजन घालता येते. पावाच्या पिठात थोडा पाक घातला तर रंग छान येतो, पण चव जवळजवळ लागत नाही. एवढा महाग माल पावात घालणे म्हणजे केशर घालून भांडी धुणे!

तिकडे काय करतात

क्युबेकमध्ये हंगामात लोक कुटुंबासह रानातल्या साखरघरांत जातात. कडक केलेला पाक स्वच्छ बर्फावर ओततात, तो चिक्कीच्या पाकासारखा लोचट होतो, आणि काडीवर गुंडाळून खातात. यासाठी पाक सुमारे ११२ ते ११४ अंशांपर्यंत नेतात. तेवढ्याच तापमानाचा पाक झपाट्याने थंड करून घोटत राहिले की लोण्यासारखा पांढुरका लेप होतो. त्याला मेपल बटर म्हणतात, पण त्यात लोणी नसते. १२२ ते १२५ अंशांपर्यंत नेऊन घोटले की कोरडी साखर पडते. या दोन्हींसाठी फिकी प्रत लागते. गडद पाक दाणा धरत नाही, जसा काही रसाचा गूळ कितीही घोटला तरी चिकटच राहतो. वरचे अंश समुद्रसपाटीचे आहेत. महाबळेश्वर-पाचगणीकडे पाणीच ९५-९६ अंशांवर उकळते, तेव्हा तेथील कारागिरांनी चार-साडेचार अंश खालीच थांबावे.

तिकडचा एक पदार्थ आपल्या बेकरीत सहज होण्याजोगा आहे. १९२९ च्या मंदीत क्युबेकमधल्या कामगार बायकांनी तो काढला. नावच मुळी 'बेकाराचे पुडिंग'. तेव्हा गरिबीमुळे त्यात साध्या तपकिरी साखरेचा पाक असे. आता मेपल घालतात. ११५ ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम साखर फेटावी, दोन अंडी घालावीत, २०० ग्रॅम मैदा आणि दीड चमचा बेकिंग पावडर चाळून मिसळावी. हे घट्ट मिश्रण खोल ट्रेमध्ये पसरावे. ३०० मिलिलिटर मेपल सिरप आणि तितकीच मलई एक उकळी आणून वरून ओतावी. २०० अंशांवर अर्धा ते पाऊण तास भाजावे. केक वर येतो आणि पाक खाली बसून दाट होतो. उकळून सांडतो, म्हणून खाली दुसरा ट्रे ठेवावा. गरमच वाढावे.

तिखट-मीठाच्या पदार्थांतही तिकडे हा पाक घालतात. कोंबडी, मासे, गाजर, लाल भोपळा यांवर शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लावून भाजतात. आधीच लावला तर जळतो. मेपल घालून शिजवलेल्या राजम्यासारख्या घेवड्यात तिकडे खारवलेली डुकराची चरबी असते. परदेशी पुस्तकातली कृती घेताना हे ध्यानात ठेवून तेथे लोणी किंवा तेल घालावे.

हिशेब

शेवटी पैशाची गोष्ट. ज्या केकला २०० ग्रॅम साखर लागते, त्याला २४० ग्रॅम पाक लागेल, म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर. २५० मिलिलिटरची बाटली एका केकलाच जवळजवळ संपली! तीच बाटली वरून ओतण्यासाठी वापरली, दर तुकड्यावर १५ मिलिलिटर, तर सोळा तुकडे होतात आणि गिऱ्हाइकाला चव थेट जिभेवर लागते. आमचा सल्ला असा की केकमध्ये थोडा गडद पाक घालावा, अक्रोड, सफरचंद, सुंठ अशा जोडीदारांची मदत घ्यावी आणि उरलेला पाक वरून द्यावा. ऑर्डर घेताना पाकाचा खर्च वेगळा मांडून सांगावा आणि बाटली गिऱ्हाइकाला दाखवावी. उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवावी. शुद्ध पाकात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते, आणि आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी येते. बुरशी आलेला माल वापरू नये.

आणखी एक. मेपल सिरपचा केक 'शुगर फ्री' म्हणून विकलेला आम्ही पाहिला आहे. हे धडधडीत खोटे आहे. या पाकातली गोडी म्हणजे मुख्यतः तीच साखर, जी उसात असते. मधुमेहाच्या रोग्याने तुमच्या पाटीवर विश्वास ठेवून तो खाल्ला तर त्याच्या त्रासाचे ओझे तुमच्यावर येईल.

ज्या गिऱ्हाइकाला मेपलचा खर्च परवडत नाही, त्याला आपली काकवी द्यावी. कोकणात घावनाबरोबर आणि देशावर भाकरीबरोबर ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. सुंठ घातलेल्या केकमध्ये ती झकास लागते आणि तिचे पैसे आपल्याच शेतकऱ्याच्या हाती जातात. मात्र ती काकवी म्हणूनच विकावी. काकवीला मेपल म्हणणे आणि मक्याच्या पाकाला मेपल म्हणणे, दोन्ही मापात पापच.

आमच्या मित्राने पुढे एक गोष्ट चांगली केली. त्याने त्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन चूक सांगितली आणि घेतलेले पैसे परत केले. आता तो शुद्ध पाकाची एकच बाटली दुकानात ठेवतो आणि ऑर्डर आली तरच उघडतो. परवा त्याच घरून फोन आला. मेपलचा नव्हे, साध्या मावा केकचा. पण फोन आला, हे महत्त्वाचे.